पिशवी वितळली नाही, म्हणून काय झालं?

धुळे–सोलापूर महामार्गाला जालन्याहून येणारा रस्ता मिळतो, ते वडीगोद्री. फाट्याचं गाव म्हटलं की हॉटेलं आली आणि हॉटेलं आली की पार्सल आलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर दिसतं तेच : किटलीतला वाफाळता चहा पातळ पिशवीत ओतायचा, तोंडाला पीळ देऊन रबर लावायचं, चार कप हातात द्यायचे. पिशवी हाताला मऊ लागते, पोटाशी फुगते, पण फुटत नाही. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘‘पिशवी वितळली का? मग काय होतंय!’’

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज हाच. पिशव्यांचं साधं पॉलिथिन साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि चहा कितीही उकळला तरी शंभराच्या फारसा पुढे जात नाही. म्हणून पिशवी टिकते. पण प्लॅस्टिकमधलं काही अन्नात उतरायला ते वितळावं लागत नाही. प्लॅस्टिक लवचिक राहावं, त्याला रंग यावा, उन्हानं ते तडकू नये म्हणून त्यात निरनिराळी रसायनं घातलेली असतात. उष्णता, तेल आणि आंबटपणा मिळाला की ती थोडी थोडी अन्नात उतरतात. डोळ्यांना ते दिसत नाही, चवीला कळेलच असं नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. ‘अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८’ हे १ जुलै २०१९ पासून देशभर लागू आहेत. त्यांनुसार प्लॅस्टिकमधून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य उतरता कामा नये. काही धातूंना वेगळी मर्यादा आहे : जस्त किलोमागे २५ मिलिग्रॅम, बेरियम १, कोबाल्ट फक्त ०.०५. चाचणीची पद्धत भारतीय मानक ९८४५ मध्ये सांगितली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत खरं अन्न वापरत नाहीत, त्याच्या जागी त्या स्वभावाचा द्रव घेतात. पाणीदार पदार्थांसाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट पदार्थांसाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन. मग तापमान आणि वेळ ठरते. नेहमीच्या तापमानाला साठवायच्या पदार्थांसाठी ४० अंशांवर १० दिवस, असा एक प्रकार आहे. जालना जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा चाळिशी ओलांडतो. म्हणजे प्रयोगशाळेतलं हे तापमान आपल्याकडे दुकानाच्या फळीवरच असतं, आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून जास्त.

तेव्हा ‘हे प्लॅस्टिक चांगलं का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. त्यात काय ठेवणार, किती गरम आणि किती वेळ, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. पाव बांधायला योग्य ठरलेली पिशवी तर्रीदार रश्शाला योग्य असेलच असं नाही.

‘जाड पिशवी म्हणजे सुरक्षित पिशवी’ हा समज अगदी शिकलेल्या लोकांतही आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, पुढे केंद्रानं ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉनची हवी असं ठरवलं, आणि मायक्रॉन हा शब्द घरोघरी पोचला. पण हे नियम कचऱ्याचे आहेत. जाड पिशवी गोळा करून पुन्हा वापरात आणणं सोपं जातं, पातळ पिशवी गटारात आणि गुरांच्या पोटात जाते. जाडीचा नियम पाळलेल्या पिशवीत अन्न ठेवावं की नाही, यावर तो नियम काहीच सांगत नाही. तो प्रश्न पॅकेजिंगच्या विनियमांचा. त्यांनी २०१८ मध्ये पुनर्वापरित प्लॅस्टिकच्या पिशव्यांत अन्न बांधायला, ठेवायला, न्यायला सरळ मनाई केली. नंतरच्या दुरुस्त्यांनी अन्नासाठी पुनर्वापरित प्लॅस्टिकला वाट दिली, पण ठरलेली मानकं पाळूनच. भाजीवाल्याची काळी पिशवी त्यात बसत नाही. भंगारातलं रंगीबेरंगी प्लॅस्टिक एकत्र वितळवलं की त्याचा मळकट रंग लपवायला काळ्यासारखा रंग नाही. तिच्यात भजी घेऊच नयेत. वर्तमानपत्रातही नकोत. छपाईची शाई तेलात उतरते, आणि वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायलाही याच विनियमांनी मनाई केली आहे.

डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो पाहून काही जण निर्धास्त होतात. ही आकड्यांची पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगानं भंगार वेगळं करता यावं म्हणून काढली. १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा जात सांगतो, दर्जा सांगत नाही. ५ आकड्याची बादली रंगाचीही असू शकते. पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांकही अन्नव्यावसायिकाचा असतो, पाकिटाच्या चाचणीचा नाही.

आता उलट बाजूची भीती. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की डायॉक्सिन तयार होतं, असे संदेश फिरतात. ते खोटं आहे. थंडीत द्रव्यं उतरण्याचा वेग उलट मंदावतो. पेटच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए असतं, हेही चूक. ते पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकच्या घडणीत लागतं. दुधाची थंड पिशवी पाहून घाबरण्याचंही कारण नाही. दूध त्यात थंड आणि थोडा वेळच राहतं. फक्त तीच पिशवी धुऊन तिच्यात गरम वरण भरू नये.

कागदी कप म्हणजे प्लॅस्टिकपासून सुटका, असंही नाही. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर नसेल तर तो कप चहानं भिजून खाली बसेल. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटं राहिला तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात. पार्सलच न्यायचं तर घरची स्टीलची किटली किंवा डबा सोबत घ्यावा. हॉटेलवाला नाही म्हणणार नाही, त्याची पिशवी वाचते.

या सगळ्याहून मला जास्त काळजी वाटते ती शेतातल्या रिकाम्या कॅनची. कापूस, ऊस, मोसंबीचा हा भाग, त्यामुळे फवारणीच्या औषधाचे डबे घरोघरी येतात. ‘‘राखेनं घासून, सोड्यानं धुऊन घेतलाय,’’ म्हणत त्यातच पिण्याचं पाणी शेतावर जातं. हा डबा कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्याचा होत नाही, कारण औषध प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेलं असतं आणि उन्हात तापलं की पाण्यात परत येतं. कीटकनाशक नियम, १९७१ यांतला ४४ वा नियम याचसाठी आहे : रिकामे डबे पुन्हा वापरात येतील असे बाहेर टाकायचे नाहीत, ते मोडून वस्तीपासून लांब पुरायचे. औषध संपताच डबा तिथंच तीनदा विसळावा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावं आणि बुडाला विळ्याच्या टोकानं दोन-तीन भोकं पाडावीत.