देव्हाऱ्यातले टाक ओळखायचे कसे?

आयर्लंडच्या क्लाडा अंगठीतले हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. सातारा-सांगलीकडे चांदीवरच्या अशा खुणा थेट देव्हाऱ्यात सापडतात.

कुलदैवतांचे टाक! साच्यावर चांदीचा पातळ पत्रा ठोकून ठसा उठवतात. घोड्यावर तलवार घेतलेला स्वार, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा दिसला की तो खंडोबा. पौषात कराडजवळच्या पालीला ज्याचं लग्न लागतं तोच. महिषासुरावर त्रिशूळ रोखलेली देवी बहुतेक घरांत तुळजापूरची भवानी असते. काही टाकांवर तर घराण्यातले पूर्वजच. हा प्रकार सगळ्यात भारी!

लग्नकार्याआधी टाक सोनाराकडे उजळायला जातात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने नाक-डोळे आधीच पुसट झालेले असतात, त्यामुळे घासणाऱ्याचा हात हलकाच हवा. (गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेल्या विटा-आटपाडीकरांना हे वेगळं सांगायला नको.)