नवा नाल, दुखरे पाऊल

उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव महागणपतीच्या मंदिरामुळे आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथे झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे सर्वपरिचित आहे. लग्नसराई आली की पनवेल-उरण पट्ट्यातील अशा गावांतही बँड येतो, रोषणाई होते आणि नवरदेवासाठी सजविलेला घोडा दारात उभा राहतो. जरीची झूल, मोत्यांच्या झालरी, कपाळावरचा तुरा यांवर सर्वांच्या नजरा खिळतात. डांबरी रस्त्यावर पडणाऱ्या त्याच्या पावलांकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. कित्येकदा समारंभाच्या तोंडावर घोड्याला नवे नाल ठोकलेले असतात. त्यांतील एखादा खिळा चुकून जिवंत भागाला लागला असेल, तर ती वरात त्या मुक्या जिवाच्या दृष्टीने दोन-तीन तासांची अखंड वेदना ठरते.

व्यापारी जैन कुटुंबांत आज घोडा पाळला जात नाही; परंतु भाड्याने तो वारंवार घेतला जातो. लग्नाची वरात असो, धार्मिक मिरवणूक असो किंवा सुटीतील माथेरानची सहल असो. आपल्या ‘वरघोडा’ या शब्दात तर घोडा प्रत्यक्षच आहे. म्हणून नाल ठोकल्यानंतर घोडा दुखरा का होतो आणि तेव्हा काय करावे, हे घोडेवाल्याइतकेच भाडे देणाऱ्यालाही ठाऊक असणे हिताचे आहे.

घोड्याचा खूर बाहेरून दगडासारखा भासतो. त्याची बाहेरील भिंत आपल्या नखासारखी, संवेदना नसलेली असते. ती महिन्याला साधारणतः सहा ते दहा मिलिमीटर वाढते. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी जुना नाल काढून, वाढलेला खूर छाटून नाल पुन्हा बसवावा लागतो. खूर उचलून पाहिला तर ही भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेषा दिसते. त्या रेषेच्या आतील बाजूस रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत भाग असतो. नालबंदाचा खिळा या रेषेच्या बाहेरून शिरून, बाहेरच्या दिशेने तिरपा जाऊन भिंतीतून निघाला पाहिजे. भिंतीची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर. नालबंदाचे सारे कौशल्य एवढ्या अरुंद वाटेवर पणाला लागलेले असते.

ही वाट चुकण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात खिळा थेट जिवंत भागात शिरतो. घोडा तत्काळ पाय हिसकावतो आणि खिळा उपसल्यास त्यावर रक्त दिसू शकते. ही चूक निदान लपत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. खिळा जिवंत भागात शिरत नाही, परंतु त्याच्या इतका जवळून जातो की आतून दाब पडत राहतो. त्या दिवशी घोडा नीट चालतो आणि एक-दोन दिवसांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, लंगडू लागतो. ‘काल तर बरा होता’ असे म्हणून मग दोष रस्त्याला दिला जातो. याखेरीज तळवा प्रमाणाबाहेर छाटला गेल्यास, नाल तळव्यावर टेकत असल्यास किंवा खिळ्यांची दुमडलेली टोके फार आवळली गेल्यास घोडा एकापेक्षा अधिक पायांनी जपून पावले टाकू लागतो.

दुखरा पाय ओळखण्यासाठी फार मोठ्या विद्येची आवश्यकता नाही. घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ चालवावे किंवा हळू दुडकवावे आणि त्याच्या मानेकडे पाहावे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताच घोडा मान वर उचलतो. निरोगी पाय टेकताना ती खाली येते. त्यानंतर चारही खुरांवर तळहात ठेवून पाहावा. एखादा खूर इतरांहून अधिक गरम लागतो. घोट्याच्या मागील बाजूस बोटे ठेवल्यास त्या पायाची नाडी जोरात उडताना जाणवते. शेवटी जाणकाराने प्रत्येक खिळ्यावर हातोडीने हलकेच टिचकी द्यावी. ज्या खिळ्यापाशी घोडा दचकेल, तोच बहुधा अपराधी असतो.

दोष आढळताच पहिला उपाय म्हणजे काम थांबविणे. ठरलेली फेरी पुरी करून मग पाहू, असे करू नये. नालबंदाला आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. खिळे एकेक करून सावकाश उपसावेत आणि प्रत्येक खिळा नीट पाहावा. ओला किंवा दुर्गंधीयुक्त खिळा कोणत्या छिद्रातून निघाला, हे ध्यानात ठेवावे. ते छिद्र पोव्हिडोन आयोडिनने धुऊन खुराला स्वच्छ पट्टी बांधावी, घोड्याला कोरड्या, मऊ जागी बांधावे आणि त्या छिद्रात पुन्हा खिळा ठोकू नये. धनुर्वाताचे भय घोड्याला इतर बहुतेक जनावरांपेक्षा अधिक असते. म्हणून त्याच्या लशीविषयी पशुवैद्यकास त्याच दिवशी विचारावे. महाराष्ट्रात १९६२ या निःशुल्क क्रमांकावर पशुवैद्यकीय साहाय्य मागता येते.

खिळ्याची जागा चिघळून आत पू झाला असेल, तर पशुवैद्यक लहान वाट करून तो काढतो. त्यानंतर कोमट पाणी आणि एप्सम मिठाचा शेक तो सांगेल तितके दिवस द्यावा लागतो. पू निघून गेला की घोडा अनेकदा दिवसा-दोन दिवसांत पाय टेकू लागतो. मात्र घरच्या घरी चाकूने खोल कोरणे, जखमेत हळद-तेल किंवा ग्रीस भरणे आणि वेदनाशामक टोचून घोडा पुन्हा कामाला जुंपणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. वेदना दडपली म्हणजे इजा बरी झाली असे नव्हे. शिवाय गिधाडांच्या ऱ्हासाला कारण ठरलेल्या डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, हे औषधविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावे. पुढील दोन्ही खूर गरम असून घोडा अंग मागे झोकून उभा राहत असेल आणि पाऊल उचलण्यास राजी नसेल, तर तो खुराच्या आतील दाहाचा गंभीर विकार असू शकतो. तेव्हा त्याला चालवू नये. पशुवैद्यकालाच तेथे आणावे.

येथे नालबंदाला न्याय दिला पाहिजे. घोड्याने ऐन वेळी पाय ओढला, खुराची भिंत पातळ असली किंवा पावसाळ्यात ती नरम झालेली असली, तर मुरलेल्या हाताकडूनही खिळा वाकडा जातो. चूक होणे हा अपराध नाही. रोजमेळातील चूक त्याच सायंकाळी सापडली तर एका नोंदीने सुधारते. तीच दडवली तर वर्षअखेरीस साऱ्या खातेवहीवर संशय येतो. खुराचेही तसेच आहे. त्याच दिवशी उपसलेला खिळा थोड्या विश्रांतीत भागतो. दडवलेला खिळा पू करतो, आठवड्यांचे काम बुडवितो आणि कधी घोडा कायमचा अधू करतो.

मग ही चूक दडवली का जाते? उत्तर जमाखर्चातच आहे. माथेरान पाहावे. मोटारींना मनाई असलेल्या, २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या गिरिस्थानी शेकडो घोडे तांबड्या मातीच्या, चढउताराच्या वाटांवर माणसे व सामान वाहतात. तेथे किंवा लग्नाच्या हंगामात एक दिवस घोडा उभा राहिला, तर घरातील चूल त्या दिवसाच्या मिळकतीवाचून पेटवावी लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जखमी वा दुबळ्या, कामास अयोग्य जनावराला राबविणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात दहा ते पन्नास रुपये इतकाच लिहिलेला आहे. बुडणारे भाडे त्याच्या कितीतरी पट असते. अशा हिशेबात घोड्याची वेदना कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

ती भाडे देणाऱ्याच्या खात्यावर पडते, हे आपण मान्य केले पाहिजे. श्रावकाच्या अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपणाची गणना होते, आणि दुखऱ्या पायाच्या घोड्याला लहान मुलाचे वजनही अतिभारच होय. म्हणून घोडा ठरवितानाच दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. नाल केव्हा ठोकले, हे विचारावे. समारंभाच्या आदल्या दिवसाऐवजी आठवडाभर आधी ठोकलेले असावेत, असा आग्रह धरावा. आणि घोडेवाल्याला आधीच शब्द द्यावा, की ऐन वेळी घोडा दुखरा निघाला तरी ठरलेली रक्कम पूर्ण मिळेल. पूर्वी मराठेशाहीत घोडेस्वाराला मोहिमेपूर्वी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेला ‘नालबंदी’ म्हणत. आजची नालबंदी म्हणजे हा शब्द. तो मिळाला की खरे सांगणे घोडेवाल्याला परवडते.

मग वरात निघण्यापूर्वी घोड्याला वीस पावले चालवून पाहावे. त्याने मान उचलली, तर झूल उतरवून त्याला सावलीत बांधावे, घोडेवाल्याच्या हाती पैसे ठेवावेत आणि नवरदेवाने बँडमागून पायी चालत मांडवात जावे. वऱ्हाड थोडे हसेल. मुहूर्त मात्र चुकणार नाही.