रेस्क्यू डिस्कची चाळीस वर्षं

संगणक सुरू होत नाही म्हणून दुकानात नेला, की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य कानावर पडतं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्याआधी ‘आत काही महत्त्वाचं आहे का?’ एवढं तरी कोणी विचारलं, तर तो दुकानदार भला म्हणायचा. बिघाड असतो डिस्कच्या पहिल्या काही सेक्टरांपुरता. बाकीच्या डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो, दुकानाचे टॅलीतले हिशेब, निवृत्त प्राध्यापकाचं अर्धं लिहून झालेलं पुस्तक, सगळं जागच्या जागी असतं. ते पुसून वर नवं विंडोज टाकायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतही नाही. प्रस्तुत लेखकाचं या रीतीशी जुनं भांडण आहे. बाहेरच्या माध्यमावरून संगणक सुरू करण्याच्या विद्येचा हा आढावा त्या भांडणाची एक बाजू घेऊनच लिहिला आहे.

या विद्येची गरज पहिल्यांदा पटवून दिली ती व्हायरसनी. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा ‘ब्रेन’ आला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये मुक्काम ठोकायचा आणि मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवायचा. कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं, की मेमरीत बसलेला ब्रेन ती हलवलेली मूळ प्रतच पुढे करायचा. तपासणाऱ्याला सगळं निर्मळ दिसायचं. अशा यंत्राला त्याच्याच तोंडून तब्येत विचारण्यात अर्थ नव्हता. यंत्र बंद करायचं, खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं आणि मगच डिस्क तपासायची, हा धडा तेव्हा मिळाला. ती फ्लॉपी लिहिण्यासाठी बंद केलेली असणं महत्त्वाचं. सव्वापाच इंची असेल तर कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, साडेतीन इंची असेल तर कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडं करायचं. हे कुलूप ड्राइव्हच पाळायचा, त्यामुळे कुठल्याही व्हायरसला ते उघडता येत नसे. आजच्या बहुतेक पेन ड्राइव्हना अशी साधी पट्टीसुद्धा नाही.

६ मार्च १९९२ या तारखेला जागा होणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने जगभर घबराट उडवली, आणि त्याच दशकात पुण्यात एक उद्योग उभा राहिला. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांकडे व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले. धाकटे भाऊ संजय काटकर यांनी त्यांच्यावर उतारे लिहिले, आणि त्यातून क्विक हील जन्माला आलं. एका दुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये पुढे इमर्जन्सी डिस्क बनवण्याची सोयही होती, यात नवल नाही. ही सोय वापरून ती डिस्क वेळेत बनवून ठेवणारी माणसं मात्र तेव्हाही विरळाच होती.

डॉसच्या दिवसांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फॉरमॅटला ‘एस’ जोडला की बूट फ्लॉपी तयार, आणि एफडिस्कची एमबीआर ही न सांगितलेली करामत ज्याला ठाऊक तो गल्लीतला डॉक्टर. विंडोज ९८ची स्टार्टअप डिस्क मात्र कौतुकाची. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तिने बऱ्याच सीडी ड्राइव्हना चालणारे ड्रायव्हर बसवले होते. शिवाय ती मेमरीत एक छोटी रॅम डिस्क उभी करून बाकीची अवजारं तिथे उलगडायची. त्यामुळे सीडी ड्राइव्हचं अक्षर एकाने पुढे सरकायचं, आणि नेहमीच्या अक्षरावर सीडी शोधणारी माणसं गोंधळून जायची.

२६ एप्रिल १९९९ला तैवानच्या चेन इंग-हाऊने लिहिलेल्या ‘सीआयएच’चा स्फोट झाला तेव्हा या फ्लॉपीची खरी परीक्षा झाली. सीआयएच हार्ड डिस्कचा पहिला एक एमबी शून्यांनी भरून टाकायचा आणि काही मदरबोर्डांचा बायोसही उडवायचा. फ्लॉपीवरून यंत्र सुरू व्हायचं, पण सी ड्राइव्ह नाहीसा झालेला असायचा. ‘डेटा गेला’ असं तेव्हाही सर्रास सांगितलं गेलं. खरं तर मोठ्या एफएटी-३२ डिस्कांवर फाइलींच्या नोंदींची दुसरी प्रत अनेकदा त्या पहिल्या एमबीच्या पलीकडे सुखरूप असे. अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन यांनी तिच्या आधारे डिस्क पूर्ववत करणारं छोटंसं अवजार लिहून फुकट वाटलं. आपल्याकडे त्या आठवड्यात किती डिस्का निष्कारण फॉरमॅट झाल्या असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

विंडोज २०००च्या चार आणि एक्सपीच्या सहा बूट फ्लॉप्या, मग रिकव्हरी कन्सोल: हा सगळा टापू रटाळ. एक्सपी जी बूट फ्लॉपी बनवून द्यायचं ती डॉसची असायची आणि एक्सपीचीच एनटीएफएस डिस्क तिला वाचता यायची नाही, एवढी एक गोष्ट त्या काळाबद्दल पुरेशी आहे.

सीडीवरून यंत्र सुरू करण्याचा करार फिनिक्स आणि आयबीएमच्या अभियंत्यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लिहिला. ज्या उपाहारगृहाच्या टेबलावर तो आकाराला आला त्याच्यावरून त्याचं नाव पडलं एल तोरितो. त्यातली गमतीची युक्ती म्हणजे सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसला ती फ्लॉपीच आहे असं भासवायचं.

इथून पुढचा मार्ग लिनक्सवाल्यांनी घडवला, आणि प्रस्तुत लेखकाचा जीव तिथेच गुंतलेला आहे. बिझीबॉक्स आज कोट्यवधी राउटरांत आणि यंत्रांत आहे. ब्रूस पेरेन्स यांनी ते मुळात लिहिलं ते डेबियनची एकच फ्लॉपी प्रतिष्ठापनेलाही आणि सुटकेलाही पुरावी म्हणून. टॉम एहसर यांच्या ‘टॉम्सआरटीबीटी’ने तर नेहमीच्या फ्लॉपीवर १.७२२ एमबीचं फॉरमॅट करून अख्खी लिनक्स त्यात कोंबली. भारतात हे सगळं पोहोचलं मासिकांसोबत आलेल्या सीडींमधून. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’बरोबर लिनक्सची सीडी आली, त्यामागे अतुल चिटणीस यांचा आग्रह होता. इंटरनेटवरून एक सीडी उतरवणं घरगुती जोडणीला अशक्य होतं त्या काळात या चकत्यांनी जिल्ह्याच्या गावांतली मुलं घडवली. चिटणीस २०१३मध्ये गेले. मराठी नियतकालिकांत त्यांच्यावर जितकं लिहून यायला हवं होतं तितकं आलं नाही.

मग नॉपिक्स. जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी २००० साली स्वतःची अवजारं कुठल्याही यंत्रावर सोबत असावीत म्हणून ही सीडी जुळवली. सातशे एमबीच्या चकतीवर आवळून बसवलेलं सुमारे दोन जीबी सॉफ्टवेअर वाचता वाचता उलगडायचं. चकती आत सरकवली, की ध्वनी, नेटवर्क, पडदा सगळं आपोआप ओळखलं जायचं, आणि ज्या यंत्राला दुकानदाराने मृत ठरवलं होतं त्यावर दोनतीन मिनिटांत केडीईचा डेस्कटॉप उभा राहायचा. बाजूला हार्ड डिस्कच्या पार्टिशनांची चित्रं. चित्रावर टिचकी मारली की फाइली डोळ्यांसमोर. असे प्रसंग प्रस्तुत लेखकाने अनेकांच्या घरी पाहिले आहेत. ‘गेलं, गेलं’ म्हणणारी माणसं पडद्यावर आपल्याच फोल्डरांची नावं वाचू लागली की त्यांचा आवाज बदलतो.

नॉपिक्सचा सर्वांत मोठा गुण मात्र कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. ती हार्ड डिस्क उघडायची ती फक्त वाचण्यासाठी. लिहायचं असेल तर माणसाला मुद्दाम परवानगी बदलावी लागे. आजाऱ्याला हात लावण्याआधी नीट बघायचं, ही शिस्त त्या सीडीच्या रचनेतच होती. एनटीएफएसवर भरवशाने लिहिता येऊ लागलं ते एनटीएफएस-३जीची पहिली स्थिर आवृत्ती २००७मध्ये आल्यावर. तोवर ही मर्यादा म्हणजे वरदानच होतं.

२००३मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा द्यूपू यांनी सिस्टिमरेस्क्यूसीडी आणली. तिच्यात सजावट कमी, अवजारं जास्त. आधी जेंटूवर, २०१९पासून आर्चवर बेतलेली ही चकती आज सिस्टिमरेस्क्यू या नावाने जिवंत आहे. तिच्या पोटातलं एक अवजार या लेखाच्या केंद्रस्थानी आहे: अंतोनियो दियाझ दियाझ यांचं जीएनयू डीडीरेस्क्यू. (कुर्त गार्लोफ यांचं जवळपास याच नावाचं वेगळं अवजार आहे, आणि डेबियनमध्ये पॅकेजांच्या नावांमुळे अनेकांनी भलतंच उतरवून घेतलं आहे. डेबियनवर हवं ते ‘जी’ने सुरू होणारं.)

डिस्कवर बॅड सेक्टर पडू लागले, की साधी कॉपी पहिल्या अडथळ्यावर अडते. तिथेच पुन्हा पुन्हा घासत राहते, आणि आधीच दमलेलं डोकं आणखी झिजतं. डीडीरेस्क्यूचा क्रम उलटा आहे. पडक्या घरातून सामान काढताना हाताशी येईल ते आधी बाहेर आणावं आणि ढिगाऱ्यात हात नंतर घालावा, तसं ते वागतं. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि अडलेल्या जागा सोडून पुढे उडी मारतं. मग त्या जागांच्या कडा छाटतं, मग एकेक सेक्टर खरवडतं, आणि सांगितलं तर शेवटी पुन्हा प्रयत्न करतं. काय मिळालं आणि काय राहिलं याचा नकाशा ते एका फाइलीत सतत लिहीत असतं. त्यामुळे वीज गेली, डिस्क तापली, मध्येच थांबवावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. पुढची सगळी दुरुस्ती या प्रतीवर करायची. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची.

प्रत हातात आली, की क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क. ते हरवलेल्या पार्टिशनांच्या खुणा डिस्कभर शोधून तक्ता पुन्हा लिहून देतं. त्याचं भावंड फोटोरेक फाइल प्रणालीकडे पाहतच नाही. प्रत्येक जेपीईजी ठरावीक बाइटांनी सुरू होते, त्या बाइटांवरून ते फोटो ओळखून उचलतं. नावं आणि फोल्डर हाती लागत नाहीत, पण फोटो लागतात. अशा हजारो बेनाव फोटोंची छाननी करायला बसलेल्या कुटुंबाने कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

या वाटेला नाकं मुरडणारे तेव्हाही होते. ‘लिनक्स कशाला, ती सगळी अवजारं एका सीडीत मिळतात की,’ असं म्हणणाऱ्यांचा रोख हिरेन्स बूटसीडीकडे असायचा. ती उपयोगी होती हे खरं. तिच्यात कंपन्यांची सॉफ्टवेअरं परवान्याविना घातलेली होती हेही तितकंच खरं, आणि शहाण्या अभियंत्यांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. मूळ मालिका २०१२मध्ये थांबली. २०१८मध्ये आलेली विंडोज पीईवरची नवी आवृत्ती त्या बाबतीत सुधारलेली आहे. नेदरलँड्सच्या बार्ट लागेरवेइज यांनी दाखवलेला मार्ग अधिक सरळ होता. तुमच्याच एक्सपीच्या सीडीतून तुमचीच बूट सीडी बनवून देणारा बार्टपीई. तो मागे पडला, याचं वाईट वाटतं.

पेन ड्राइव्ह आल्यावर चकत्या गेल्या. बूट पेन ड्राइव्ह बनवायला पीट बतार यांचं रुफस, मग २०२०चं व्हेंटॉय. एकदा व्हेंटॉय बसवलं की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू करताना यादीतून निवडायच्या. सोय इतकी वाढली, की माणसांकडे रेस्क्यू डिस्क असायला हवी होती. प्रत्यक्षात उलटं झालं. ‘आता सगळं क्लाउडवर असतं’ हे पालुपद सुरू झालं. ज्या घरी मोबाइल डेटाचा कोटा रोज संपतो त्या घरातले दोनशे जीबी फोटो कुठल्या ढगात गेले, हे विचारलं की उत्तर मिळत नाही.

यंत्रंही बदलली. सिक्युअर बूटमुळे सही नसलेली माध्यमं अडतात. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने तर सही असलेल्या अनेक जुन्या लिनक्स पेन ड्राइव्हनाही दारातून परत पाठवलं. एसएसडीवर पुसलेली फाइल ट्रिममुळे बहुतेक वेळा कायमचीच जाते, आणि काही लॅपटॉपांत साठवणच मदरबोर्डला डाखलेली असते, ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येत नाही. सगळ्यांत गंभीर गोष्ट कूटबद्धतेची. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते. चोरी झाली तर ते उत्तमच. पण आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच ज्या गृहस्थाला ठाऊक नाही, त्याच्यापुढे उद्या कुठलीही रेस्क्यू डिस्क ४८ आकडी किल्ली मागत उभी राहणार.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलीने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर खिळवली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. इलाज एका ओळीचा होता: एका फोल्डरातली एक फाइल पुसायची. पण यंत्र सुरूच होत नव्हतं, म्हणून असंख्य यंत्रांपाशी माणसाला चालत जावं लागलं. मायक्रोसॉफ्टने लगेच पेन ड्राइव्हवरून चालणारं अवजार दिलं. तिथेही बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या या कूटबद्धतेच्या, किल्ल्या शोधता शोधता प्रशासकांची दमछाक झाली.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने क्विक मशीन रिकव्हरी जाहीर केली. आजारी यंत्र स्वतःच नेटवर्कवरून उतारा मागवील, अशी ती योजना. हजारो यंत्रं सांभाळणाऱ्या कंपन्यांना तिचा उपयोग होईल. घरच्या माणसाने मात्र ध्यानात घ्यावं, की ती सोय त्याच डिस्कवरच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये राहते आणि तिला नेटवर्क लागतं. डिस्कच गेली तर तीही गेली. तेव्हा एखाद्या सुट्टीत सोळा जीबीचा एक पेन ड्राइव्ह मोकळा करावा. त्यावर व्हेंटॉय बसवून सिस्टिमरेस्क्यू, विंडोजची आयएसओ आणि मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ची सहाच्या पुढची, यूईएफआयवर चालणारी आवृत्ती ठेवावी. सिक्युअर बूट असेल तर व्हेंटॉयची किल्ली पहिल्यांदा यंत्रात नोंदवावी लागते, तेही आत्ताच करावं. मग त्यावरून यंत्र एकदा खरंच सुरू करून पाहावं, आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी.