‘पॉइंट टू’ची धास्ती : प्रोस्टेट कॅन्सरनंतरचा पीएसए, गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रोस्टेट कॅन्सरचे उपचार संपले की एक आकडा घरात कायमचा मुक्कामाला येतो. दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्टची पीडीएफ येते, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी असली तरी घरातला निकाल त्याच रात्री लागतो. मुलगा गुगल करतो, शेजारचे काका स्वतःचा आकडा सांगतात, आणि कोणाला विनाकारण झोप लागत नाही, तर कोणी विनाकारण निर्धास्त होतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. निरोगी पेशीही ते बनवतात आणि कॅन्सरच्या पेशीही. अमेरिकेच्या एफडीएने १९८६ मध्ये या चाचणीला पहिली मान्यता दिली ती कॅन्सर झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधण्यासाठीची मान्यता १९९४ मधली. तरीही लोकांच्या डोक्यात बसले आहेत ते निदानाचेच नियम. उपचारांनंतर तेच नियम लावले की घोळ होतो. खालचे सगळे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहेत.

गैरसमज १ : रिपोर्टवर ‘नॉर्मल ० ते ४’ छापलंय. माझा ०.८ आहे, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : तो रकाना ज्यांच्या प्रोस्टेटवर कधी उपचार झालेले नाहीत अशांसाठी असतो. लॅबच्या संगणकाला तुमचं ऑपरेशन ठाऊक नसतं. तो सगळ्यांच्या रिपोर्टवर तेच छापतो.

समजा, ओपीडीच्या बाकावर तिघे बसले आहेत आणि तिघांचाही पीएसए ०.८ आहे. पहिल्याची प्रोस्टेट ग्रंथी दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून पूर्ण काढलेली आहे. त्याच्या शरीरात पीएसए बनवणारं काही उरायलाच नको होतं, म्हणून त्याच्यासाठी ०.८ हा दुर्लक्ष न करण्याजोगा आकडा. दुसऱ्याने रेडिएशन घेतलंय, म्हणजे रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात ते. त्याची ग्रंथी जागेवरच आहे आणि मागच्या वेळी पीएसए १.१ होता, त्याची वाटचाल योग्य दिशेने चालली आहे. तिसऱ्याचं हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे आणि मागचे आकडे ०.१, ०.३ असे होते. इंजेक्शन चालू असताना आकडा चढतोय, ही डॉक्टरांनी नीट बघायची गोष्ट. तिघांच्याही कागदावर मात्र ‘नॉर्मल’.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी दोन गोष्टी आठवायच्या : आपल्यावर कोणता उपचार झाला, आणि मागचे आकडे काय होते.

गैरसमज २ : ऑपरेशन झालं की पीएसए शून्य यायलाच हवा.

वस्तुस्थिती : ग्रंथी काढली तरी आधीच रक्तात उतरलेला पीएसए हळूहळूच जातो. दर दोन-तीन दिवसांनी तो साधारण निम्मा होतो. ऑपरेशनआधी १२ असेल तर ६, ३, दीड असं करत ०.१ च्या खाली यायला तीन आठवडे लागू शकतात. त्यामुळे पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात. उतावीळ होऊन दहाव्या दिवशी केलेली तपासणी नुसती घोर लावते.

आणि ‘शून्य’ असं कोणतीच लॅब लिहीत नाही. ती लिहिते ‘<०.१’ किंवा ‘<०.०३’, म्हणजे आमच्या यंत्राला याहून कमी मोजता येत नाही. एका लॅबचा ‘<०.१’ आणि दुसरीचा ‘०.०४’ यांत वाढ झाली असं समजायचं कारण नाही. दुसरीचं यंत्र जास्त बारीक मोजतं इतकंच. अतिसंवेदनशील चाचणीत ०.०१ चा ०.०२ झाला की ‘दुप्पट झाला’ म्हणून हबकणारे पुष्कळ. इतक्या खालच्या पातळीवर असा फरक मोजमापातला असू शकतो. ऑपरेशननंतर कॅन्सर रक्तात पुन्हा दिसू लागला असं म्हणण्यासाठी ०.२ किंवा त्याहून जास्त, आणि तोही दुसऱ्या तपासणीने पक्का झालेला, हा निकष सर्वाधिक वापरला जातो. एका रिपोर्टवर तो ठरत नाही.

गैरसमज ३ : रेडिएशननंतर पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर परतला.

वस्तुस्थिती : रेडिएशनमध्ये पेशी लगेच मरत नाहीत; विभाजनाच्या प्रयत्नात महिनोन् महिने मरत राहतात. पीएसए सर्वांत खालच्या पातळीला पोचायला दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात. या वाटेवर पुष्कळांचा आकडा मध्येच थोडा वर जातो आणि कोणताही उपचार न करता पुन्हा उतरतो. याला डॉक्टर ‘बाउन्स’ म्हणतात. आतून किरणोत्सारी बिया बसवून केलेल्या ब्रेकीथेरपीनंतर आणि तुलनेने तरुण रुग्णांत तो जास्त दिसतो.

म्हणून इथे ०.२ चा निकष लागू होत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात तज्ज्ञांच्या परिषदेत ठरलेली व्याख्या आज वापरतात : आतापर्यंतच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा २ ने वाढ. सर्वांत कमी ०.४ असेल तर २.४ ला ती रेषा येते. ऑपरेशन झालेल्या मित्राचा ‘पॉइंट टू’ आपल्या रेडिएशनला लावून रात्र जागवणं हा त्यामुळे फुकटचा मनस्ताप. उलटही खरं : ऑपरेशन झालेल्याने ‘दोनपर्यंत चालतं’ असं ऐकून गप्प बसू नये.

गैरसमज ४ : रेषा ओलांडली, म्हणजे आता दिवस मोजायचे.

वस्तुस्थिती : पीएसए वाढणं आणि कॅन्सर हाडांत किंवा इतरत्र दिसणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यात बरंच अंतर असू शकतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ऑपरेशन झालेल्या १,९९७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांचा पीएसए पुन्हा वाढला त्यांना कॅन्सर पसरल्याचं दिसेपर्यंत हार्मोनचे उपचार दिले नव्हते. तरीही पीएसए वाढल्यापासून पसरल्याचं दिसेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षांचा निघाला. त्यानंतर उपचार बरेच पुढे गेले आहेत.

सगळ्यांची गती सारखी नसते, हेही त्याच अभ्यासातून दिसलं. तीन गोष्टींनी फरक पडत होता : ऑपरेशनच्या रिपोर्टातला ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा), पीएसए ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत वाढला की नंतर, आणि तो दुप्पट व्हायला दहा महिन्यांहून कमी वेळ लागला की जास्त. ०.२ वरून ०.४ वर जायला कोणाला तीन महिने लागतात, कोणाला तीन वर्षं. पहिल्याला घाई हवी. दुसऱ्याचं वय आणि इतर आजार बघून कधी नुसतं लक्ष ठेवणंही योग्य ठरतं.

गैरसमज ५ : वाट बघणं म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा.

वस्तुस्थिती : ऑपरेशननंतर धोका जास्त वाटणाऱ्यांना लगेच रेडिएशन द्यावं की पीएसए वाढेपर्यंत थांबावं, यावर ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा आणि आयर्लंडमधल्या १,३९६ रुग्णांवर ‘रॅडिकल्स’ ही चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. पाच वर्षांनी पीएसए आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण लगेच रेडिएशन दिलेल्या गटात ८५ टक्के आणि थांबलेल्या गटात ८८ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच होतं. थांबलेल्या गटातल्या अनेकांना रेडिएशन लागलंच नाही, आणि लघवीचे त्रासही त्या गटात कमी होते.

मात्र हे थांबणं डोळे मिटून नव्हतं. पीएसए ०.१ ला पोचला किंवा लागोपाठ तीनदा वाढला की रेडिएशन सुरू होत होतं. ऑपरेशननंतरचं हे दुसऱ्या फळीचं रेडिएशन पीएसए ०.५ च्या खाली असताना दिलं तर अधिक चांगलं लागू पडतं. ‘चारच्या वर गेला की बघू’ म्हणणारा हीच वेळ हातची घालवतो.

गैरसमज ६ : पेट स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे सुटलो.

वस्तुस्थिती : प्रोस्टेटच्या पेशींवरची खूण पकडणारा पीएसएमए पेट स्कॅन आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत होतो आणि जुन्या तपासण्यांपेक्षा तो कितीतरी तीक्ष्ण आहे. पण पीएसए ०.२-०.३ असताना तोही अनेकदा कोरा येतो, कारण पेशींचा पुंजका दिसण्याएवढा मोठा झालेला नसतो. कोरा स्कॅन म्हणजे ‘अजून दिसत नाही’. ‘नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. केवळ स्कॅन कोरा म्हणून रेडिएशन लांबणीवर टाकणं चुकीचं ठरू शकतं. बोन स्कॅनची मर्यादा याहून मोठी. पीएसए १० च्या खाली आणि हाडं दुखत नसतील तर त्यात काही सापडण्याची शक्यता फार कमी असते.

गैरसमज ७ : पीएसए कुठेही केला तरी सारखाच.

वस्तुस्थिती : वेगवेगळ्या कंपन्यांच्या किट्सची परिमाणं थोडी वेगळी असतात, एकाच रक्ताचे दोन लॅबमधले आकडे वीसेक टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात. सवलतीचं पॅकेज बघून दर वेळी लॅब बदलली तर आकड्यांची रांगच बिघडते. शक्यतो एकच लॅब धरावी. बदलावी लागली तर पहिल्या तपासणीकडून मोठे अर्थ काढू नयेत.

काही औषधंही आकडा हलवतात. केसांसाठी किंवा नखांसाठी घेतात ती बायोटिनची जास्त ताकदीची गोळी काही यंत्रांत पीएसए खोटा कमी दाखवू शकते. ग्रंथी जागेवर असेल तर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने पीएसए साधारण निम्मा होतो. फिनास्टेराइड टक्कल पडू नये म्हणूनही देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रेडिएशन झालेल्याला लघवीचा संसर्ग असेल तर आकडा तात्पुरता वाढू शकतो. ‘आदल्या दिवशी सायकल चालवू नका, संबंध टाळा’ या सूचनाही ग्रंथी असलेल्यांसाठी. ती काढलेली असेल तर त्यांचं कारण उरत नाही. तसंच ‘फ्री पीएसए’चं प्रमाण निदानाआधी उपयोगी, उपचारांनंतर त्यावर पैसे घालवण्यात हशील नाही.

गैरसमज ८ : अमुक काढा घेतला आणि पीएसए उतरला, म्हणजे गुण आला.

वस्तुस्थिती : १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण विकलं जात होतं. ते घेणाऱ्यांचा पीएसए खरोखर उतरायचा. तपासणीत काही बॅचमध्ये डीईएस हा कृत्रिम स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन निघालं, आणि २००२ मध्ये ते बाजारातून गेलं. आकडा हार्मोनमुळे उतरत असणार, आणि सोबत रक्तस्रावाचा धोका लेबलवर न लिहिता मिळत होता. डबीत काय आहे ते कळत नसेल तर उतरलेला आकडाही फसवतो.

निव्वळ आहाराचं म्हणाल तर ऑपरेशननंतर धोका जास्त असलेल्यांना रोज २० ग्रॅम सोया प्रथिन देऊन पाहिलेली अमेरिकी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅन्सर परतण्यात फरक पडला नाही. डाळी-भाज्या खाव्यात, चालावं, वजन सांभाळावं. हृदयासाठी आणि हाडांसाठी ते हवंच. पण जे काही पूड, काढा, कॅप्सूल चालू असेल ते डॉक्टरांना सांगावं. ‘रागावतील’ म्हणून लपवलेली गोष्ट पुढच्या आकड्याचा अर्थच बदलते.

गैरसमज ९ : इंजेक्शन चालू आहे, पीएसए खाली आहे, आता दुसरं काही बघायला नको.

वस्तुस्थिती : हार्मोनच्या इंजेक्शनने किंवा अंडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेने टेस्टोस्टेरॉन घटतं, आणि प्रोस्टेटच्या पेशी त्यावरच पोसत असल्याने पीएसएही घटतो. पण त्याच कारणाने हाडं ठिसूळ होतात, स्नायू गळतात, साखर वाढू शकते, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉन, साखर आणि हाडांची घनता यांकडेही बघावं लागतं. क्वचित काही आक्रमक पेशी पीएसए फारसा बनवतच नाहीत. सतत एकाच जागी हाड दुखणं, वजन उतरणं, पायातली ताकद जाणं असं काही झालं तर रिपोर्ट चांगला असला तरी थांबू नये. पायातली ताकद अचानक गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गैरसमज १० : पाच वर्षं झाली, आता तपासणी बंद.

वस्तुस्थिती : पाच वर्षांनी तपासण्यांमधलं अंतर वाढतं, बहुधा वर्षातून एकदा, पण तपासणी संपत नाही. दहा वर्षांनंतरही पीएसए वाढल्याची उदाहरणं आहेत. याला अपवादही आहे. पंचाऐंशी वर्षांच्या, हृदयाने थकलेल्या गृहस्थांच्या बाबतीत वाढलेल्या आकड्यावर काही उपचार करायचेच नसतील, तर डॉक्टरांशी बोलून चाचणी थांबवणं हाही शहाणा निर्णय असतो.

राहिली ती धास्ती. रक्त देण्याआधीचा आठवडा जड जातो, चिडचिड होते, जेवण जात नाही. हे बहुतेकांना होतं आणि बायकोला ते आधी कळतं. ‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याने ते कमी होत नाही. दोन साध्या गोष्टींनी होऊ शकतं. एका वहीत तारीख, आकडा, लॅबचं नाव आणि चालू औषधं लिहीत जावं. उपचार कोणता आणि कधी झाला ते पहिल्या पानावर. दुसरी गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायची : माझ्या बाबतीत कोणत्या आकड्याला आपण तपासणी पुन्हा करणार, कोणत्याला स्कॅन आणि कोणत्याला उपचार? ही उत्तरं त्याच वहीत लिहून ठेवली की पीडीएफ उघडल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि शेजारच्या काकांचा आकडा काकांपुरता राहतो.