एकाच ताटातील दोन व्याधी

दारिद्र्य म्हटले की हाडे मोजता येतील असे मूल आणि सुबत्ता म्हटली की ढेरपोट्या शेठजी, ही चित्रे आपल्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या ठसली आहेत. विकसनशील देशांची आजची स्थिती मात्र या चित्रांत मावेनाशी झाली आहे. खुरटलेले मूल आणि स्थूल आई आता एकाच घरात, एकाच पंगतीला बसलेली आढळतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे निघाले.

हे सारे दूरच्या मागासलेल्या मुलखात चालले असेल, अशी समजूत गोमंतकीयांनी करून घेऊ नये. याच पाहणीप्रमाणे गोव्यात ३६ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ एकतृतीयांश पुरुष अतिवजनाचे आहेत. येथेच चारांतले एक मूल खुजे आहे. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण पाचांत एक होते. स्त्रियांमधील रक्तक्षय याच अवधीत ३१ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा २६.४ टक्के प्रमाणासह गोवा देशात पहिला आला. दरडोई उत्पन्नात अग्रभागी असल्याचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याने या पहिल्या क्रमांकाचाही विचार केला पाहिजे.

या दोन व्याधी परस्परविरुद्ध आहेत, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः त्यांचे मूळ एक आहे आणि ते गर्भाशयापर्यंत जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडातील साउदम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. परंतु ही तूट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातील अवयवांत होती. कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणजे आईच्या उपासमारीने मूल लहान झाले, तरी चरबीच्या हिशेबाने ते कृश नव्हते. टंचाईशी जुळवून घेतलेल्या या शरीरावर पुढे साखर, तेल आणि बैठे जीवन यांचा भार पडला की मधुमेह व हृदयविकार यांना वाट मोकळी होते. आज खुजे राहिलेले मूल उद्याचा मधुमेही होण्याचा धोका असा वाढत जातो.

दुसरे कारण रोजच्या ताटात आहे. पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि तेल यांनी पोट स्वस्तात भरते; डाळ, पालेभाजी, फळे, दूध व मासळी यांना मात्र खिसा हलका करावा लागतो. मजुरीहून परतणारी आई रडणाऱ्या मुलाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा ठेवते, यात तिचा दोष तो काय? कष्टकरी घराला परवडेल आणि तत्काळ मिळेल, असे तेवढेच उरले आहे. जुन्या काळी गरिबाघरी पेजही पोटभर नसे, हे खरे. पण उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, कुळीथ, अळसांदे आणि तांबडी भाजी यांनी जे दिले, ते तळलेल्या पुड्यांतून मिळणार नाही.

असे असता शासनाची धोरणे मात्र दोन वेगळ्या दालनांत बसून आखली जातात. अंगणवाडीचे खाते मुलाचे वजन वाढविण्याच्या मागे, तर आरोग्य खाते प्रौढांचे वजन उतरविण्याच्या मागे. २०२५ च्या सप्टेंबरात गोड शीतपेयांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के ठेवण्यात आला. त्याच फेरबदलात बिस्किटे, नमकीन आणि झटपट शिजणाऱ्या शेवया यांवरील कर ५ टक्क्यांवर आणला गेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

केवळ उष्मांक वाढवून भागत नाही, हा धडा चिलीने घेतला आहे. विसाव्या शतकात मुलांना दूध व पूरक आहार देऊन त्या देशाने कुपोषणावर मोठा विजय मिळविला. पुढे तेथेच बालकांतील स्थूलता हा राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला. अखेर २०१६ मध्ये साखर, मीठ व चरबी अधिक असलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे झाले आणि असे पदार्थ शाळांत विकण्यास बंदी आली.

आमच्या मते, नव्या योजनांची भर घालण्यापूर्वी असलेल्याच योजनांना दुहेरी काम द्यावे. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही काटेकोरपणे मोजली जावी. नुसते वजन वाढले म्हणून समाधान मानू नये. गर्भवतीची, आणि त्याहीपूर्वी किशोरवयीन मुलीची काळजी हा मधुमेह-प्रतिबंधाचाच भाग समजावा. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ-गव्हाबरोबर डाळही मिळावी. शाळांत स्वयंसाहाय्य गट जो भाजीपाव पुरवितात, त्यात पाव कमी होऊन उसळ, पालेभाजी आणि अंडे वा दूध वाढावे, व त्यासाठी त्या भगिनींना पुरेसा दरही द्यावा. शाळेत व तिच्या आवारापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, अतिस्निग्ध पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून कागदावर आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहिल्यास तो किती पाळला जातो, ते कोणासही कळेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे. आपल्या सचिवालयातही या दोघांची नस्ती एकच झाली, तर अर्धे काम साधेल. उरलेले अर्धे अंगणवाडीच्या चुलीवर आणि शाळेच्या फाटकावर व्हायचे आहे. तेथे दिरंगाई झाली, तर तिची किंमत आज पाळण्यात असलेली पिढी तिच्या चाळिशीत मोजील.