शेवळं, करांदे आणि कळलावी

पहिला पाऊस पडला, की महाडच्या बाजारात कातकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीबरोबर काकड झाडाची चार-दोन आंबट फळे देतात. काही शहाणे ती तिथेच टाकून येतात. मीही एकदा टाकली. त्या दिवशी भाजीचा पहिला घास घेतला, आणि घशात कुसळे शिरल्यासारखे झाले. मास्तर असून संध्याकाळपर्यंत धड बोलता येईना!

असे का होते? शेवळं सुरणाच्या जातीची. त्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराच्या बारीक सुया असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, घशाला कळतात. म्हणून बायका दांड्याच्या बुडाचा पिवळा भाग काढून टाकतात, भाजी बारीक चिरून खूप शिजवतात आणि काकडे नाहीतर चिंच घालतात. आंबटाने खाज मरते.

करांद्याचे तसेच. घरचे करांदे नुसते मीठ घालून उकडले तरी चालतात. रानातले कडू असतात, आणि तो कडूपणा पोटाला बाधतो. त्यांचे काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, ते पाणी फेकायचे, मग काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. पोलादपूरकडच्या एका वाडीत मी म्हातारीला विचारले, "आजी, किती येळ ठेवायचे?" ती म्हणाली, "कडू जाय तवर. कडू लागला, तर थुकायचा."

पण कळलावीला असा उपाय नाही. पावसात बांधावर तिचा वेल चढतो. फूल पिवळे-तांबडे, ज्वाळेसारखे. पानाचे टोक पिळलेले. तेव्हा ती कोणीही ओळखील. घोटाळा पुढे होतो. वेल वाळून जातो आणि जमिनीत नुसता कंद राहतो. खणणाऱ्याला तो खायचा कंद वाटतो. कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. संस्कृतात तिला लांगलीच म्हणतात. त्यात कोल्चिसिन हे विष आहे. उकडून ते जात नाही.

खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब लागतात. घरचे म्हणतात, "पोट बिघडलं, उतरेल." त्यातच वेळ जातो. मग मूत्रपिंडे बिघडतात, माणूस दगावतो. वाचला, तरी आठ-पंधरा दिवसांनी डोक्याचे केस गळतात.

रानातला कंद खाऊन उलटी झाली, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखान्यात न्या. कंदाचा उरलेला तुकडा बरोबर घ्या. त्यावरून डॉक्टरला विष ओळखायला सोपे जाते.