आखाड्यातील नायटा : वैद्य व औषधविक्रेत्यांचे उत्तरदायित्व

पावसाळ्याच्या उत्तरार्धात शालेय क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत कबड्डीबरोबरच कुस्तीची परंपरा खोलवर रुजलेली आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत आजही कुस्त्यांची दंगल भरते. याच परंपरेतील शाळकरी मल्ल जांघेत, कमरेवर व मानेवर खाजरी, रक्तवर्ण, कडा उंचावलेली मंडले घेऊन आपल्याकडे येतात. त्या वेळी आपण काय करतो, यावर संपूर्ण तालमीचे आरोग्य अवलंबून असते.

शास्त्राची दृष्टी

दद्रूची गणना चरकाचार्यांनी क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत केली आहे. सुश्रुत निदानस्थानाच्या कुष्ठनिदानाध्यायात अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन व आसन, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपन वापरणे ही रोगसंक्रमणाची द्वारे सांगितली आहेत. कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद हे रोग अशा रीतीने एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातात, असा त्याचा आशय आहे. तालमीकडे पाहावे : अंगाला अंग भिडते, लंगोट व पंचा अदलाबदल होतो, तेलाची वाटी सामाईक असते. यांतील बहुतेक द्वारे तेथे एकाच वेळी उघडी असतात.

संक्रमण केवळ नायट्यापुरते मर्यादित नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८९ साली शालेय मल्लांच्या शिबिरात १७५ पैकी ६० जणांना नागीण-वर्गातील हर्पिसची लागण झाली होती. म्हणूनच तेथील महाविद्यालयीन कुस्तीत त्वचेवरील नायट्यास किमान ७२ तास बुरशीनाशक औषध लावल्याशिवाय आणि डोक्यातील नायट्यास १४ दिवस पोटातून औषध दिल्याशिवाय मल्लास मॅटवर उतरू देत नाहीत.

मिश्र मलमांचा धोका

स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम लावताच खाज थांबते, लाली ओसरते आणि मुलगा पुन्हा आखाड्यात उतरतो. बुरशी मात्र आत पसरत राहते, मंडलाचे मूळ स्वरूप लोपते व निदान अवघड होते. गेल्या काही वर्षांत देशभर फैलावलेल्या चिवट नायट्यामागे या मलमांचा अनिर्बंध वापर हे एक प्रमुख कारण मानले जाते. २०२० साली नामकरण झालेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी अनेकदा टर्बिनाफिनलाही दाद देत नाही. बाह्य उपयोगाची स्टेरॉइड मलमे २०१८ साली केंद्र शासनाने अनुसूची ‘एच’ मध्ये आणली. चिठ्ठीवाचून ती विकणे हा नियमभंग होय. घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेले ‘रामबाण’ मलमही दुकानात ठेवू नये. त्यात काय आहे हे आपणास ठाऊक नसते, अपकीर्ती मात्र आयुर्वेदाची होते.

प्रत्यक्ष व्यवहार

टाकळा म्हणजे चक्रमर्द. त्याचे दद्रुघ्न हे नाव सार्थ आहे. करंज, निंब व हरिद्रा यांची योजनाही आपण करतोच. तथापि कंडू शमला म्हणजे संसर्ग संपला, असे समजू नये. डोके किंवा नखे बाधित असल्यास, व्याधी सर्वांगावर पसरल्यास अथवा वारंवार उलटत असल्यास रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. चेहऱ्यावर पाणीदार पुटकुळ्या असतील, तर लेप न लावता त्याच दिवशी पाठवावे.

क्रीडाशिक्षक व वस्तादांना पुढील गोष्टी सांगाव्यात :

१. सरावापूर्वी प्रत्येकाची त्वचा व डोळे पाहावेत. बाधित मुलास सरावापासून दूर ठेवावे, मात्र संघातून काढू नये. काढले जाण्याच्या भीतीनेच मुले रोग लपवितात.

२. लंगोट, पंचा व तेलाची वाटी प्रत्येकाची स्वतंत्र असावी.

३. सराव संपताच स्नान करून अंग कोरडे करावे. कपडे धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत.

४. मॅट रोज जंतुनाशक द्रावणाने पुसावी.

५. घरातील बाधितांची चिकित्सा एकाच वेळी करावी.

यांपैकी तिसरा नियम आपल्याकडे सर्वांत कठीण आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रोजच्या स्नानाचा उपदेश सोपा नाही. टंचाईच्या दिवसांत निदान ओल्या पंचाने अंग पुसणे आणि लंगोट धुणे, एवढा तरी आग्रह धरावा.

प्रत्येक सभासदाने हंगामापूर्वी आपल्या जवळच्या एका शाळेत किंवा तालमीत जाऊन एक सकाळ मुलांची तपासणी करावी. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. तिचा आरंभ आखाड्याच्या दारातच व्हावा.